मिनीला एकदा तरी पिल्लं होऊ द्यायची का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. आम्ही फोंड्याला राहतो, घरी मिनी नावाची पांढरी पॉमेरियन आहे, सव्वा वर्षाची, वजन पाच किलो. पहिली हीट (म्हणजे माज) चवथीच्या, गणेशचतुर्थीच्या दिवसांत आली, दुसरी शिगम्यात, होळीच्या सुमारास. मिस्टरांच्या म्हापशाच्या मित्राकडे मेल आहे, तो म्हणतो पुढच्या वेळी क्रॉसिंग करूया, एक पिल्लू मला द्या, बाकीची ठेवा नाहीतर विका. पाहुण्यांनी तर आत्ताच पिल्लं सांगून ठेवलीत. आमचे डॉक्टर म्हणतात नसबंदीचं ऑपरेशन करून टाका, मलाही तेच बरं वाटतं, पण सासूबाईंना अजिबात पटत नाही. म्हणतात मुक्या जनावराला एकदा तरी आई होऊ दे, नाहीतर पाप लागेल. आणि आता काही दिवस झाले, मिनी एक कापडी ससा तोंडात धरून फिरते, सोफ्याखाली नेऊन त्याला चाटत बसते, सडांना हात लावला तर थोडं दूध पण येतं. सासूबाई म्हणतात बघ, तिला पिल्लं हवीत. ते बघून माझंही मन होत नाही. काय करू?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : ताई, आधी त्या सशाबद्दल बोलूया, कारण मला वाटतं तुमच्या घरातला सगळा वाद त्या सशापाशी येऊन अडलाय.

कुत्रीची हीट संपली की तिला मेल लागलेला असो वा नसो, तिच्या अंगात प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन जवळजवळ दोन महिने वाढलेलं राहतं, गाभण कुत्रीत असतं साधारण तितकंच. मग ते उतरायला लागतं आणि प्रोलॅक्टिन वाढतं, म्हणजे दूध आणणारं हार्मोन. त्यामुळे हीटनंतर सहा ते आठ आठवड्यांनी काही कुत्र्या कोपरा उकरतात, खेळणं सांभाळत बसतात, कुणी जवळ गेलं तर गुरगुरतात, सडांत दूध येतं. याला फॉल्स प्रेग्नन्सी म्हणतात. तुम्ही शिगम्यात हीट आली म्हणता, म्हणजे दिवस बरोबर जुळतात. मिनीला पिल्लं हवीत म्हणून हे झालेलं नाही, हार्मोनचं चक्र फिरलं म्हणून झालंय, आणि एकदा पिल्लं झाली तरी पुढच्या हीटनंतर हे परत होऊ शकतं, पिल्लं होणं हा त्यावरचा उपाय नाही. सासूबाईंना हे नीट समजावून सांगा, त्यांनी जे पाहिलं ते खरंच आहे, फक्त त्याचं कारण वेगळं आहे.

सध्या काय करायचं, तर दूध पिळून बघू नका, पिळलं की अजून येतं. ती फिरायला बाहेर गेली की ससा उचलून ठेवा, तिच्या तोंडातून ओढून घेऊ नका. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक वेळा आपोआप ओसरतं. सड लाल, गरम, कडक झाले किंवा ती जेवेनाशी झाली तर मात्र डॉक्टरकडे न्या. आणि ऑपरेशन आत्ता लगेच नको, दूध चालू असताना केलं तर ते लांबतं, पूर्ण सुकू द्या मग करा.

आता मुख्य प्रश्न. माझं मत स्पष्ट सांगते, मिनीचं ऑपरेशन करा, क्रॉसिंग करू नका.

सासूबाईंची माया खरी आहे आणि ती मी हलक्यात घेत नाही, कुत्र्याचा एवढा विचार करणारं माणूस घरात असणं हे मिनीचं नशीब. पण आई होणं म्हणजे पाच किलोच्या कुत्रीला नेमकं काय होणं, हे त्यांच्यापुढे कुणी मांडलेलं नसतं. पाचांतला एखादा पाहुणा पिल्लू नेतो, फोटो येतात, एवढंच लोकांना दिसतं. आम्हाला दिसतं ते वेगळं. लहान कुत्र्यांत डिलिव्हरी अडणं मोठ्या कुत्र्यांपेक्षा जास्त, कारण पिल्लं थोडी असतात, कधी एकच असतं, आणि एकटं पिल्लू पोटात मोठं होतं, त्याचं डोकं आईच्या कमरेच्या हाडातून निघत नाही. मग सिझर. गाभणपण साधारण 63 दिवसांचं, म्हणजे पुढच्या चवथीला हीट आली आणि क्रॉसिंग केलं तर डिलिव्हरी दिवाळीनंतर दोन-तीन आठवड्यांत येणार, आणि ती रात्री-बेरात्रीही येऊ शकते. अर्धा तास जोरात कळा देऊनही पिल्लू येत नाही, किंवा पहिलं पिल्लू यायच्या आधीच हिरवट-काळं पाणी जातंय, तर ती इमर्जन्सी आहे, सकाळपर्यंत थांबता येत नाही. रात्री दोन वाजता सिझर करणारा डॉक्टर फोंड्यापासून किती लांब आहे ते आत्ताच विचारून बघा, मिस्टरांनाच फोन करायला सांगा.

डिलिव्हरी सुखरूप झाली तरी संपत नाही. लहान कुत्रीला पिल्लं दोन-तीन आठवड्यांची झाली की दुधावाटे अंगातलं कॅल्शियम एवढं जातं की रक्तातलं कमी पडतं. अशी कुत्री टेबलवर येते तेव्हा बघवत नाही. पाय काठीसारखे ताठ, अख्खं अंग थरथरतंय, तोंड उघडं, धाप लागलेली, ताप 105-106, आणि डोळे मात्र घरच्या माणसाकडे लागलेले. शिरेतून कॅल्शियम द्यायचं ते अगदी हळू, एक कान स्टेथोस्कोपला, कारण भरभर दिलं तर हृदय थांबू शकतं. वेळेवर आली तर टेबलवरच शांत होत जाते, थरथर थांबते, मान टाकून झोपते. वेळेवर नाही आली तर जाते, आणि मागे पिल्लं राहतात त्यांना दर दोन तासांनी बाटली, रात्रीसुद्धा, आणि अंगाला ऊब, कारण पहिल्या आठवड्यात त्यांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. हे सगळ्यांनाच होतं असं मी म्हणत नाही, बऱ्याच कुत्र्या नीट वितात. पण हा धोका पूर्ण मिनी घेणार आणि हौस आपली भागणार, मला ते बरोबर वाटत नाही. पापाचा विचार करायचाच तर तो इथे करावा असं सासूबाईंना माझ्यातर्फे सांगा, नम्रपणे.

दुसरा एक समज घराघरात आहे की एकदा पिल्लं झाली की कुत्रीची तब्येत चांगली राहते, गर्भाशय साफ होतं. तसं होत नाही. ऑपरेशन न केलेल्या कुत्रीला प्रत्येक हीटनंतर गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो, पायोमेट्रा म्हणतात त्याला, आणि वय वाढेल तसा तो वाढत जातो. स्वीडनमध्ये विमा उतरवलेल्या कुत्र्यांच्या नोंदी अभ्यासल्या गेल्या, तिथे दहा वर्षांच्या आत पाचांतल्या एकीला तरी हे झालेलं दिसलं. एकदा वितली म्हणून त्यातून सुटका नाही. गर्भाशयच काढलं तर हा प्रश्न संपतो.

सडांच्या गाठींचं म्हणाल तर 1969 चा एक जुना अभ्यास सगळीकडे सांगितला जातो, पहिल्या हीटच्या आधी ऑपरेशन केलं तर धोका अर्धा टक्का, एका हीटनंतर 8 टक्के, दोन किंवा जास्त हीटनंतर 26 टक्के. हे आकडे ऑपरेशन न केलेल्या कुत्रीच्या तुलनेत आहेत, शंभरांत इतक्यांना गाठ होते असा अर्थ काढू नका. 2012 मध्ये हे सगळे अभ्यास परत तपासले गेले तेव्हा पुरावा वाटतो तितका पक्का नाही असं निघालं. त्यामुळे मिनीच्या दोन हीट झाल्यात म्हणून तुम्ही उशीर केला असं मनाला लावून घेऊ नका.

पिल्लांच्या घरांचं आता. गोव्यात सगळे म्हणतात "आमकां एक दवर", म्हणजे आमच्यासाठी एक ठेव, आणि पिल्लू दोन महिन्यांचं झालं की कुणाच्या घरी म्हातारं माणूस आजारी, कुणाचा फ्लॅट भाड्याचा, कुणाला मेलच हवा होता. राहिलेली फिमेल पिल्लं कुणी नेत नाही, नेली तर वर्षभराने तीच हीटवर आली की गेट उघडं टाकलेलं असतं. सीझन संपला की बीचवरच्या वाड्यांतून पट्टा घातलेली, चांगल्या जातीची कुत्री मोकळी फिरताना तुम्ही पण पाहिली असतील. शिवाय विकायची म्हणून पैदास करायची तर 2017 च्या केंद्राच्या ब्रीडिंग नियमांप्रमाणे राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, आई किमान 18 महिन्यांची असावी लागते, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. मित्राला हे माहीत आहे का विचारा. आणि पाहुण्यांना खरंच कुत्रा हवा असेल तर प्रत्येक तालुक्यात पिल्लं घराची वाट बघतायत, पावसाआधी तर जास्तच.

ऑपरेशन कसं होतं ते सांगते म्हणजे भीती जाईल. पूर्ण भूल देतात, बेंबीच्या खाली छोटा छेद घेतात, दोन्ही अंडाशयं (मिनीएवढ्या कुत्रीची वालाच्या दाण्याएवढी असतात) आणि गर्भाशय काढतात, रक्तवाहिन्या बांधून टाके घालतात. निरोगी कुत्री बहुतेक वेळा संध्याकाळी घरी जाते. पण गोव्यात एक गोष्ट मी सगळ्यांना आग्रहाने सांगते, आधी ब्लड टेस्ट करा आणि त्यात प्लेटलेट बघायला सांगा. आपल्याकडे दमट हवेमुळे गोचीड बारा महिने, आणि टिक फीवर अंगात लपून असतो, कुत्री वरून ठणठणीत दिसते आणि प्लेटलेट मात्र खाली, मग ऑपरेशनमध्ये रक्त थांबत नाही. प्लेटलेट कमी आले तर आधी टिक फीवरची ट्रीटमेंट, ऑपरेशन नंतर. दुसरं म्हणजे लहान कुत्रीला खूप वेळ उपाशी ठेवू नका, तिची शुगर पटकन उतरते, किती तास ते डॉक्टर सांगतील तेवढंच. डॉक्टरला बिनधास्त विचारा की भूल चालू असताना श्वासनळीत ट्यूब घालणार का, हृदय-ऑक्सिजन बघायला मॉनिटर आहे का, अंगाखाली गरम पॅड ठेवणार का, पेनकिलर किती दिवस देणार. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागवत नाही. खर्च जागेप्रमाणे बदलतो, झेपत नसेल तर पणजीला टोंकचं किंवा मडगावला सोनसोड्याचं सरकारी व्हेटरनरी हॉस्पिटल आहे, तिथे चौकशी करा.

वेळ साधारण जूनअखेर ते जुलै अशी धरा, तोवर दूध सुकलेलं असेल आणि चवथीची हीट अजून लांब असेल, हीटच्या काळात तिथला रक्तपुरवठा वाढलेला असतो म्हणून तो काळ टाळतात. फक्त पाऊस असणार. टाके ओले होता कामा नयेत, म्हणून दहा ते चौदा दिवस तिला अंगणात चिखलात सोडू नका, शी-शूला पट्टा लावून पडवीच्या कडेला न्या आणि आल्यावर पोट कोरड्या फडक्याने टिपून घ्या, पुसून घासू नका. गळ्यात कोन घालतात तो काढायचा मोह होईल, केविलवाणं तोंड करून बसते, तरी काढू नका, एका रात्रीत टाके चाटून उघडतात. सोफ्यावर उड्या बंद. हिरड्या पांढऱ्या दिसल्या, टाक्यातून रक्त ठिबकलं किंवा दुसऱ्या दिवशीही ती उठत नसेल तर लगेच फोन करा.

तोटे पण सांगते, लपवत नाही. भूल म्हटली की थोडा धोका असतोच. काही कुत्र्यांना पुढे झोपेत लघवी ठिबकते, ते मोठ्या जातींत जास्त, लहानांत कमी, आणि औषधाने आटोक्यात येतं. केसाळ कुत्रीची लव थोडी वेगळी, लोकरीसारखी होऊ शकते. आणि वजन वाढतं.

प्रश्न : आमच्या चार वर्षांच्या फिमेलचं ऑपरेशन केलं आणि ती जाड होत चाललीय. राखणीला आहे, आळशी होऊन भुंकायची बंद होईल का?
— मडगाव

उत्तर : भुंकणं बंद होत नाही, अनोळखी माणूस आला की ती पहिल्यासारखीच उठणार, राखण हार्मोनवर चालत नाही. वजनाचं मात्र खरं आहे. ऑपरेशननंतर शरीराला कमी लागतं आणि भूक मात्र वाढते, म्हणून जेवण साधारण पाचवा हिस्सा कमी करायचा आणि दर महिन्याला वजन बघायचं. आपल्या घरांत ताटातलं वर वर दिलं जातं, सकाळी पोदेर (पाववाला) आला की पोईचा (पावाचा) तुकडा, दुपारी हुमणातला (माशाच्या कालवणातला) भात, संध्याकाळी चहासोबत बिस्कीट, आणि विचारलं तर सगळे म्हणतात आम्ही काही देत नाही. घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा आणि एकाच माणसाने वाटी मोजून द्यायची असं ठरवा. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्यांना दिसल्या नाही तरी चालेल.

प्रश्न : ऑपरेशनपेक्षा हीट येऊ नये म्हणून इंजेक्शन मिळतं असं ऐकलं, ते स्वस्त आणि सोपं नाही का? — म्हापसा

उत्तर : मिळतं, पण मी घरच्या कुत्रीला देत नाही. ती प्रोजेस्टेरॉनसारखी हार्मोनची इंजेक्शनं असतात, त्यांनी हीट पुढे ढकलली जाते पण गर्भाशयात पू होण्याचा आणि सडांना गाठी होण्याचा धोका वाढतो. म्हणजे ज्या दोन गोष्टी टाळायच्या त्याच ओढवून घेतल्यासारखं. आधी दिलं असेल तर कधी दिलं ते ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरला जरूर सांगा.

प्रश्न : आमची डॅशंड आठ वर्षांची, दीड महिन्यापूर्वी हीट झाली. चार दिवस खूप पाणी पिते, जेवत नाही, मागून थोडं लालसर चिकट जातं. वयामुळे असेल ना? या वयात ऑपरेशन झेपेल का? — डिचोली

उत्तर : हे वयामुळे नाही. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी फोन करून तुम्हाला दवाखान्यात पाठवलं, ते इथे छापतेय ते बाकीच्या वाचकांसाठी. मोठ्या वयाची, ऑपरेशन न केलेली फिमेल, हीट होऊन एक-दोन महिने झालेत आणि पाणी खूप पिते, लघवी खूप करते, जेवत नाही, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तो पायोमेट्राच समजायचा आणि त्याच दिवशी सोनोग्राफी करायची. मागून पू जात असेल तर निदान कळतं तरी, काही वेळा गर्भाशयाचं तोंड बंद असतं, बाहेर काहीच दिसत नाही, फक्त पोट फुगतं आणि कुत्री मलूल पडते, ते जास्त घातक. उपाय म्हणजे सलाईन, अँटिबायोटिक देऊन तब्येत सावरायची आणि गर्भाशय काढायचं. आठ वर्षांच्या कुत्रीला हे ऑपरेशन झेपतं, बहुतेक कुत्र्या वाचतात, न करणं मात्र झेपत नाही. नुसत्या गोळ्यांवर आठवडाभर वाट बघणं हा सगळ्यात महाग पडणारा मार्ग आहे.

प्रश्न : आमच्या गेटवर एक काळी गावठी फिमेल असते, आम्हीच खायला घालतो. दर वर्षी दोनदा पिल्लं, अर्धी गाडीखाली जातात. ती पाळीव नाही मग तिचं ऑपरेशन आम्ही करावं का? — पेडणे

उत्तर : करावं, नक्की करावं. 2023 च्या एबीसी (अ‍ॅनिमल बर्थ कंट्रोल) नियमांप्रमाणे अशा कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस पंचायत-पालिकेने करून त्यांना होत्या त्याच जागी परत सोडायचं असतं, दुसरीकडे नेऊन सोडता येत नाही. कानाला छोटी खूण करतात म्हणजे परत कुणी पकडत नाही. पंचायतीत लेखी अर्ज द्या, सोबत तिचा फोटो आणि ती किती वाजता गेटवर येते ते लिहा, आणि पकडायच्या दिवशी तुम्ही स्वतः हजर राहा, ती तुमच्या हातून खाते ना, मग जाळं न टाकताही गाडीत चढेल. ती आत्ता दूध पाजत असेल तर पिल्लं स्वतः खायला लागेपर्यंत थांबायला सांगा. मागच्या बाजूने रक्त ठिबकतंय किंवा फुलकोबीसारखी गाठ दिसतेय का तेही बघा, मोकळ्या कुत्र्यांत मेटिंगमधून पसरणारा एक कॅन्सर असतो, तो आठवड्याला एक अशा काही इंजेक्शनांनी बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो.

रेबीजच्या बाबतीत गोव्याने खूप कष्ट घेतलेत, कुत्र्यांना रेबीजची लस देणाऱ्या मिशन रेबीज या संस्थेच्या गाड्या वाड्या-वाड्यांत फिरल्या आणि 2021 मध्ये गोवा देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं. ते टिकायचं तर दरवर्षी लस चालू राहायला हवी, आणि दर पावसाळ्यात लस न घेतलेली नवीन पिल्लं रस्त्यावर आली की ते काम परत पहिल्यापासून करावं लागतं. अर्ज करून महिना झाला आणि कुणी आलं नाही तर मला परत लिहा, कुठल्या पंचायतीचा वॉर्ड ते कळवा, तुमच्या भागात काम करणाऱ्या लोकांशी गाठ घालून देते.